दिलेल्या रक्ताचें ऋण

दान म्हणजे वस्तूवरील आपलें स्वत्व सोडून तेथें दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें, अशी आपल्या शास्त्रकारांची व्याख्या आहे. एकदां दिलेल्या गाईच्या वासरांवर दात्यानें हक्क सांगावयाचा नसतो. परंतु ही व्याख्या रक्ताला लावूं गेल्यास आजच्या विज्ञानानें मोठीच पंचाईत करून ठेविली आहे.

भंडारा जिल्ह्यांत सिकलसेल हा रोग पुष्कळ घरीं ठाऊक आहे. आई व बाप या दोघांकडूनही आलेल्या दोषामुळें तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सांधे असह्य ठणकतात, आणि तपासणीसाठीं रक्त काढून देणें अशा घरांतील मुलांच्या अंगवळणीं पडतें. पूर्वीं हें रक्त तपासून टाकून देत. आतां त्याचें दुसरेंही कांहीं होऊं शकतें. जपानांतील यामानाका यांनीं २००६ सालीं उंदराच्या व २००७ सालीं मनुष्याच्या कातडीच्या पेशी मूळपेशींच्या अवस्थेस परत नेल्या. पुढें रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या बाबतींतही तें साधलें. या पेशी प्रथिनांचा लेप दिलेल्या पृष्ठभागावर वाढवितात, आणि हा पृष्ठभाग म्हणजे केवळ भांड्याचा तळ नव्हे. २००६ सालच्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, अस्थिमज्जेंतील मूळपेशी मऊ थरावर मज्जातंतूंच्या पेशींसारख्या, घट्ट थरावर स्नायूंसारख्या व कठीण थरावर हाडांसारख्या होऊं लागतात. आमच्याकडील शेतकऱ्यास याचें नवल वाटूं नये; वाफा जसा, तसे धानाचे पऱ्हे, हें तो जाणतोच.

दारीं आलेल्या याचकाला मूठभर धान खाण्यासाठीं दिलें आणि त्यानें तें पेरून कोठार भरलें, तर दात्याचा त्यांत वांटा कोणता? कोणी म्हणेल, कांहींच नाहीं; मोल आलें तें पेरणाऱ्याच्या श्रमानें. रक्ताच्या कर्करोगासाठीं प्लीहा काढलेल्या जॉन मूर यांच्या खटल्यांत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालीं जवळजवळ असेंच ठरविलें: काढून घेतलेल्या पेशींवर त्यांची मालकी नाहीं. तथापि आपला संशोधनाचा व लाभाचा हेतु वैद्यानें रोग्यापासून लपवूं नये, असेंही त्याच निकालांत सांगितलें.

हा भेद मला मार्मिक वाटतो. मालकीचा आग्रह धरल्यास रक्ताचा बाजार मांडला जाईल, आणि त्यांत गरीब प्रथम उभा राहील. परंतु आपण काय देतों हेंच ज्यास ठाऊक नाहीं, त्याचें देणें दान कसें? म्हणून विचारणें हें पहिलें कर्तव्य होय.

दुसरें याहून अवघड आहे. रोग्याच्याच रक्तमूळपेशींत दुरुस्ती करणारा सिकलसेलवरील उपचार २०२३ सालीं अमेरिकेंत मान्य झाला. त्याची तेथील किंमत माणशीं २२ लाख डॉलर ठरली. उद्यां भंडाऱ्याच्या एखाद्या मुलीच्या रक्ताच्या आधारें औषध निघालें आणि तिच्या धाकट्या भावाला तें परवडलें नाहीं, तर कायद्यानें कोणाचाही अपराध झालेला नसेल. तरी मूठ देणाऱ्याचें घर उपाशी असतां भरल्या कोठाराचें दार लावून बसणाऱ्यास आपण काय म्हणूं? दात्यानें हक्क सांगूं नये हें खरें. पण त्यावरून घेणाऱ्याचें ऋण फिटलें, असें निघत नाहीं.