नमुना सही

नागपूरपासून समुद्र किती लांब आहे, हे मला नकाशावरून कधी कळलं नाही. परवा घरातच कळलं. गोव्याला शिकणाऱ्या पुतणीने सुट्टीत येताना वर्तमानपत्रात गुंडाळून वाळकं समुद्रशेवाळ आणलं, आणि आमच्या हिने ते कसुरी मेथी समजून डब्यात भरलं. बटाट्याच्या भाजीत पडायचं थोडक्यात वाचलं.

"काका, हे सार्गॅसम," पुतणी म्हणाली. "रत्नागिरी-मालवणकडे खडकांवर वाढतं. दिसतं झाडासारखं, पण झाडांच्या नात्यातलं नाही."

मी बी.कॉम. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्याची सवय आहे. पण तिची पुढची तक्रार थेट माझ्या टेबलावरची निघाली. या शेवाळाच्या जाती ओळखायच्या त्या पानांवरून, हवेच्या बारीक फुग्यांवरून. आणि पानं म्हणजे लहरी कारभार! वय, ऋतू, लाटांचा मार, सगळ्यांप्रमाणे बदलतात. एकाच रोपावर खाली रुंद, वर अरुंद. त्यामुळे एकाच जातीला चार विद्वानांनी चार नावं देऊन ठेवलेली. सार्गॅसम हा गट १८२० साली स्वीडनच्या कार्ल आगार्ड यांनी वेगळा काढला. पुढे त्यांचे चिरंजीव याकोब यांनीही तोच धंदा चालवला. आपल्या किनाऱ्यावरच्या 'टेनेरिमम'चं नाव त्यांनीच १८४८ साली ठेवलं. कोणत्याही जातीचा मूळ नमुना जपून ठेवतात आणि नवं शेवाळ त्याच्याशी ताडून पाहतात.

"म्हणजे नमुना सही!" मी ओरडलो.

"हो. पण आता डीएनएसुद्धा बघतात. वेगळ्या नावांची कितीतरी शेवाळं एकच निघाली."

"मग पानं कशाला बघता? रक्त बघा, मोकळे व्हा."

"तसं नाही हो काका. डीएनएचा कोणता तुकडा घ्यायचा, किती फरक पडला की वेगळी जात म्हणायची, ते माणसंच ठरवतात. कधी तुकडा इतका सारखा निघतो की पुन्हा पानाकडे यावं लागतं."

मी गप्प बसलो. नुसतं कुळ बघून निकाल लावण्याचा अनुभव आपल्याकडे दांडगा आहे. लग्नाच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही विचारा.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि दोष भाजीचा नव्हता. आमच्या शाखेत एक निवृत्त गुरुजी येतात. बारा वर्षं तीच छत्री, तेच "काय बाबू, बरं आहे ना?" यंदा अर्धांगाने उजवा हात गेला. डाव्या हाताने केलेली सही जुळेना, म्हणून मी त्यांची स्लिप दोनदा परत केली. सही जुळत नव्हती हे खरं. माणूस जुळत होता, हेही खरं. मी नेमकं कोणाला ओळखलं नाही? बरं, चेहऱ्यावर विश्वास ठेवावा, तर ओळखीचा चेहरा बघून पैसे देणारे माझे एक सहकारी अजून चौकशीला उत्तरं देताहेत.

सकाळी पुतणीने एक जुना कागद दाखवला. त्यावर चिकटवलेल्या शेवाळाशेजारी तीन चिठ्ठ्या होत्या. तीन अभ्यासकांनी ठेवलेली तीन नावं, प्रत्येकाखाली साल.

"चुकलेली दोन काढून का नाही टाकली?"

"काढत नाहीत. शेजारी नवी लावतात."

सोमवारी गुरुजी आले. सही बदलण्याचा फॉर्म घेऊन मीच काउंटरबाहेर, त्यांच्या खुर्चीशी गेलो. तो फॉर्म पहिल्याच दिवशी खणात होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. डाव्या हाताने सही करायला त्यांना पाच मिनिटं लागली. मागे रांग खोकत होती.

"ही तरी माझी आहे ना, बाबू?"

"तुमचीच, गुरुजी," म्हणालो, आणि शेजारी तारीख घातली. जुनं कार्ड फाडलं नाही. फॉर्म त्यालाच टाचला.