मोरीच्या जाळीखाली कोण आहे?

वडे तळून उरलेलं काळं तेल रात्री मोरीत ओततात. भांडी चकचकीत करणाऱ्या गाळ्यातलं ॲसिडचं पाणी मागच्या गटारात सोडतात. जाळीखाली गेलं की ते आपलं राहत नाही, अशी आपली समजूत. ठाण्याजवळच्या कळव्यासारख्या खाडीकाठच्या भागात ती अधिकच पक्की, कारण भरती-ओहोटी सगळं वाहून नेईल असं वाटतं. पण ठाण्याची खाडी इथे अरुंद होत जाते, आत शिरलेली घाण लवकर बाहेर पडत नाही. याच खाडीला २०२२ साली पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला आणि खाली ऐरोली-वाशीकडच्या चिखलात रोहित पक्षी चरतात. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं २४ वं कलम विषारी द्रव्य नदी-विहिरीत आणि गटारातही जाणूनबुजून सोडायला मनाई करतं. ‘जाणूनबुजून’ हा शब्द कोर्टाला लागतो. धर्मविचाराला तो पुरतो का, हा माझा प्रश्न आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मळ, रक्त, विष टाकू नये असं सांगितलं आहे. पण शुचितेच्या त्याच विचाराने मैला उचलणाऱ्यालाच अशुद्ध ठरवलं, म्हणून मला तो आधार अपुरा वाटतो. जैनांचं तत्त्वार्थसूत्र जास्त खोल जातं. तिथे हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घातला आहे. पाच समिती, म्हणजे सावधपणे वागायचे नियम, त्यांतली शेवटची, उत्सर्ग समिती, टाकाऊ गोष्ट टाकण्याआधी तिथे कुणी जीव आहे का ते पाहायला सांगते. ठाऊक नव्हतं ही सबब तिथे चालत नाही, कारण पाहणं हेच कर्तव्य आहे. हा नियम साधूंचा, संसारी माणसाला कसा झेपेल, असं कुणी म्हणेल. पण साधूला दर पावलाला जमीन बघावी लागते. आपल्याला फक्त एक जाळी बघायची आहे.

आणि जाळीखाली माणूस असतो. तुंबलेल्या गटारात सल्फाइड साठतं. त्यात ॲसिड मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. जास्त प्रमाणात असला तर त्याचा वासही येईनासा होतो आणि उतरलेला कामगार काही श्वासांत कोसळतो. सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्याचा सामू ५.५ च्या खाली नसावा, तेल-ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर नसावं, हे आकडे कागदी वाटतात खरे. पण थिजलेल्या तेलाने गटार तुंबतं, ते मोकळं करायला माणूस उतरवला जातो. संरक्षक साधनांशिवाय असं उतरवायला हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई ३० लाख ठरवावी लागली.

माझ्या वाटीभर तेलाने काय होतं, हा शेवटचा आक्षेप. तुंबलेल्या गटारातला गोळा कुणाच्या वाटीचा, हे कुणालाच सांगता येणार नाही, खरंच. म्हणूनच त्यातली कुठलीही एक वाटी निर्दोष ठरत नाही. माणूस उतरवणारा ठेकेदार जास्त दोषी, हेही मान्य. त्याचा दोष त्याच्यापाशी; तेल गार करून डब्यात भरून ठेवायचं काम मात्र कढईजवळ उभ्या असलेल्याचं.