उपयोगी माणूस

एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करताना ‘कोलॅबोरेशन’ या शब्दापाशी मी अडले. लेख होता ‘कुर्टा’ या खिशात मावणाऱ्या यांत्रिक गणकयंत्राविषयी. ‘सहकार्य’ लिहावं तर त्या शब्दाला सहकारी संस्थेचा सज्जनपणा चिकटलेला. ‘संगनमत’ म्हटलं की कट आला. ‘तडजोड’ म्हणावं तर दोन्ही बाजूंना नकाराची मुभा होती असं वाटतं, आणि ‘लाचारी’ म्हणावं तर माणूसच उणा ठरतो. प्रत्येक शब्द निकाल हातात घेऊनच पानावर येत होता. म्हणून आधी घटना नीट पाहायचं ठरवलं.

कुर्ट हर्त्सश्टार्क यांचा जन्म १९०२ साली व्हिएन्नात झाला. वडील ज्यू, आई कॅथलिक; घरचा गणकयंत्रांचा कारखाना. टेबलावरची जड यंत्रं सगळीकडे होती, पण हातात धरता येईल असं यंत्र नव्हतं. १९३८ पर्यंत हर्त्सश्टार्क यांना उत्तर सापडलं होतं. मधोमध एकच दातेरी दंडगोल ठेवायचा आणि वजाबाकीसुद्धा बेरजेनंच करायची. ५२ मधून १७ काढायचे तर ८३ मिळवायचे आणि आलेल्या १३५ मधला डावीकडचा एक सोडून द्यायचा. बाकी ३५. साधारण याच युक्तीवर ते यंत्र चालतं.

त्याच वर्षी जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला. १९४३ मध्ये हर्त्सश्टार्क यांना अटक झाली आणि त्यांची रवानगी बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली. छावणीला जोडलेल्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात त्यांना कामाला लावलं. त्यांच्या यंत्राची कल्पना तिथल्या एका अभियंत्याच्या कानावर होती. त्यानं सुचवलं की आराखडा काढ, युद्ध जिंकल्यावर यंत्र हिटलरला भेट देऊ, मग तुला आर्य ठरवतील. हे केलं तर आयुष्य थोडं लांबेल, असं तेव्हा मनात आल्याचं हर्त्सश्टार्क यांनी १९८७ सालच्या मुलाखतीत सांगितलं आहे. ठरलेलं काम सांभाळून ते पेन्सिलीनं आराखडा काढत राहिले. ११ एप्रिल १९४५ रोजी छावणी मुक्त झाली, तेव्हा तो जवळजवळ पुरा झाला होता. १९४८ पासून लिख्टेनश्टाइनमध्ये कुर्टा बनू लागला. उंची ८५ मिलिमीटर, वजन पाव किलोहून कमी. सुमारे १,४०,००० यंत्रं तयार झाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रं आली आणि कुर्टाचे दिवस संपले.

हर्त्सश्टार्क यांचं चुकलं का? नकार द्यायला हवा होता, असं पंख्याखाली बसून म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण ‘यंत्र निरुपद्रवी होतं, भेट शेवटी दिलीच गेली नाही’ हा बचावही मला पुरेसा वाटत नाही. भेट दिली गेली नाही ती युद्धाचा निकाल उलटा लागला म्हणून. तो त्यांच्या हातात नव्हता. आपली क्षमा एका तारखेवर टांगलेली असेल, तर ती क्षमा आपण त्यांना देतो आहोत की त्यांच्या नशिबाला?

या प्रश्नावर बरेच दिवस घालवल्यावर लक्षात आलं की मी चुकीच्या माणसाची उलटतपासणी करते आहे. कुर्टाची गोष्ट बहुधा प्रतिभेचा विजय म्हणून सांगितली जाते. डोक्यात यंत्र होतं म्हणून माणूस वाचला, असं आपण कौतुकानं म्हणतो. ते म्हणताना छावणीचं गणित आपण मुकाट्यानं मान्य करतो: जो उपयोगी तो जगेल. बुखेनवाल्डमध्ये सुमारे ५६,००० माणसं मेली. त्यांच्यात शिंपी असतील, शिक्षक असतील, कशातच विशेष हुशार नसलेली माणसं असतील. जिवाच्या बदल्यात देण्याजोगा आराखडा त्यांच्या डोक्यात नव्हता, एवढाच त्यांचा फरक. १३५ मधला तो एक सोडून दिल्याशिवाय उत्तर जुळत नाही. या माणसांना सोडून दिल्याशिवाय आपली सुंदर गोष्टही जुळत नाही.

आपण काय करतो हे न सांगता नुसतं जिवंत राहण्याचा हक्क माणसाला आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. एरवीही आपण एखाद्याची बाजू घेताना पटकन म्हणतो, ‘कामाचा माणूस आहे हो.’ हेतू चांगला असतो. पण जो कामाचा नाही, त्याचं काय, हे त्या वाक्यात आपण परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

अनुवादात शेवटी मी एकही नाम वापरलं नाही. ‘त्यांच्याकडून आराखडा मागितला गेला, त्यांनी तो काढला’ असं लिहिलं. संपादकांना वाक्य सपक वाटलं. मी ते तसंच ठेवा म्हणाले. कोणी मागितलं आणि कोणावर ती वेळ आली, एवढं त्यातून कळतं. त्याच्यापुढचा निकाल शब्दात आधीच भरून देणं मला नको होतं.