बर्नरखालची ताटली

रत्नागिरीत लोखंडाला गंज चढायला निमित्त लागत नाही. घर मांडवी किंवा मिऱ्याच्या बाजूला असेल, तर खारा वारा खिडकीतून थेट ओट्यावर येतो. त्यात चार महिन्यांचा पाऊस. शेगडीच्या बर्नरखालची ताटली मग लवकर सडते. उतू गेलेली पेज, दूध, आमटी सगळं तीच झेलते. आपण मात्र वरची काच चकचकीत पुसतो आणि ताटली उचलून बघतही नाही.

बर्नरचंही तसंच. ज्योत निळी आणि स्थिर असेल तर गॅस नीट जळतो. ती पिवळी झाली, टोपांची बुडं काळी पडू लागली, की समजावं, गॅसमध्ये हवा पुरेशी मिसळत नाही. बुजलेली भोकं बारीक तारेने मोकळी होतात, पण झिजलेलं पितळ घासून परत येत नाही. तरी आपण घासत राहतो, काटकसर म्हणून! वाया जाणारा गॅस त्या हिशेबात कोणी धरत नाही.

त्यासाठी नवी शेगडी नको. जुना बर्नर आणि ताटली दुकानात न्यावी, मापाला लावून घ्यावी. नोझल आणि कॉक मात्र मेकॅनिकवर सोडावेत. रबरी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलावी, चांगली दिसली तरी.

गणपतीत उकडीच्या मोदकांसाठी शेगडी तासन्‌तास पेटती राहते. त्याआधीच हे उरकून घ्या. आणि गॅसचा वास आलाच, तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन करा.