संसार न केलेल्यांचा वानप्रस्थ

आश्रमव्यवस्थेत म्हातारपणीची फुरसत आयती मिळत नाही, ती कमवावी लागते. गृहस्थाने वनाकडे कधी निघावे याच्या खुणा मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात दिल्या आहेत: अंगावर सुरकुत्या पडणे, केस पिकणे आणि मुलाचे मूल दृष्टीस पडणे. पहिल्या दोन खुणा देहाच्या, तिसरी घराण्याची. वनात आज कोणी जात नाही. पण तिसरी खूण आपली जागा राखून आहे. मुले मार्गी लागली, नातवंडे झाली, म्हणजे माणूस ‘सुटला’. मग त्याने सकाळी फिरावे, दुपारी वाचावे, संध्याकाळी कट्ट्यावर बसावे, त्याला कोणी नाव ठेवत नाही. ज्यांचा संसार समाजाच्या लेखी झालाच नाही, किंवा झाला तो दुसऱ्यासाठी मांडलेला होता, त्यांच्या निवृत्तीला आधार कशाचा, हा प्रश्न मात्र या व्यवस्थेत सुटत नाही. वयस्क समलिंगी स्त्रीपुरुषांच्या बाबतीत तो नेमका याच रूपात उभा राहतो.

मराठी मध्यमवर्गाचे निवृत्त आयुष्य पाहावे ते विलेपार्ल्यात. पूर्वेला पार्ले टिळक विद्यालय १९२१चे, लोकमान्य सेवा संघ १९२३चा. दीनानाथ नाट्यगृह, पार्लेश्वराचे देऊळ, ग्रंथालय, व्याख्यानमाला, भजनी मंडळे आणि ज्येष्ठांचे कट्टे, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. इथल्या ज्येष्ठाला वेळ कसा घालवावा ही चिंता सहसा पडत नाही. पण या फुरसतीच्या प्रत्येक जागेचे एक प्रवेशपत्र असते आणि ते बोलण्यातून मागितले जाते. कट्ट्यावर नवा माणूस आला की पहिल्या पाच मिनिटांत मुले किती, कुठे असतात, सून काय करते, हे विचारून होते. त्यात कुचकेपणा नसतो. पार्ल्यात ती ओळख करून घेण्याची रीत आहे. ‘लग्न नाही केलं’ या उत्तरानंतर क्षणभर सगळे गप्प होतात आणि मग कोणीतरी क्रिकेटचा विषय काढतो.

विधींमध्ये ही गोष्ट अधिक उघड दिसते. सोसायटीच्या सत्यनारायणाला पाटावर जोडपे बसते. अधिकमासात मेहूण जेवायला बोलावतात. हजार पूर्णचंद्र पाहिल्याबद्दल एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो, तेव्हा शेजारी पत्नी आणि ओवाळायला लेकी-सुना असाव्यात अशीच मांडणी असते. अविवाहित ज्येष्ठ या सगळ्यात हजर असतो, पण वाढपी म्हणून, तीर्थप्रसाद वाटणारा म्हणून. उत्सवाचा खजिनदारही बहुधा तोच होतो, कारण ‘त्याला कुठे घरचे पाश’ असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या समलिंगी व्यक्तीचे जवळजवळ सगळे आयुष्य समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७च्या छायेत गेले. हे कलम १८६०च्या कायद्यातले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याची धार काढली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये ती परत दिली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रौढांच्या परस्परसंमतीपुरते, ते कायमचे बाजूला केले. निकाल लागला तेव्हा या पिढीची नोकरी संपली होती, आईवडील गेले होते, लग्नाचे वय तर केव्हाच उलटले होते. तरुणांना त्या निकालाने भविष्य दिले. ज्येष्ठांना त्याने प्रामुख्याने भूतकाळाचा नवा अर्थ लावायला लावला, आणि हे दुसरे काम अवघड.

यांच्यात अविवाहित राहिलेले आहेत, तसे लग्न केलेलेही आहेत. ‘लग्न कर, सगळं ठीक होईल’ या सल्ल्यावर त्या काळात कित्येक लग्ने लागली. अशा पुरुषाने शास्त्राच्या दृष्टीने पितृऋण फेडले आहे, त्याला नातू आहे, वानप्रस्थाच्या तिन्ही खुणा त्याच्यापाशी आहेत. तरी त्याची निवृत्ती सर्वांत गुंतागुंतीची. अडुसष्टाव्या वर्षी बायकोला सांगावे की नाही? मनुस्मृतीचे प्रसिद्ध वचन सत्य बोलावे पण अप्रिय सत्य बोलू नये असे सांगते, आणि त्याच श्वासात प्रिय वाटणारे असत्यही बोलू नये असे बजावते. दोन्ही पाळायचे तर उरते ते मौन, आणि चाळीस वर्षे पाळलेले मौन सत्याच्या बाजूचे की असत्याच्या, हे ते वचन सांगत नाही. न सांगण्याला करुणा म्हणण्याची सोय आहे. पण त्या स्त्रीनेही आपला एक जन्म अपुरा काढलेला असतो, बहुधा दोष स्वतःचाच समजून, आणि तिला कारण कळण्याचा हक्क आहे की नाही हा प्रश्न करुणेच्या नावाखाली मिटत नाही. या पेचावर सरसकट उत्तर देणारा माणूस संशयास्पद समजावा.

स्त्रियांची गोष्ट निराळी. दोन निवृत्त शिक्षिका एका फ्लॅटमध्ये तीस वर्षे राहिल्या तर पार्ल्यात त्या ‘मैत्रिणी’ असतात. एकीचे नाव घेतले की दुसरीचे आपोआप येते आणि पुढे कोणी चौकशी करत नाही. स्त्रियांच्या इच्छेची दखलच न घेण्याच्या जुन्या सवयीने त्यांना दिलेले हे संरक्षण आहे. ते खरे आहे, पण त्याची किंमतही आहे: एक गेली की दुसरीच्या वाट्याला मैत्रीण गेल्याएवढेच सांत्वन येते.

धर्मशास्त्रात यावर काही सापडते का, हे पाहताना पां. वा. काण्यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा आधार घ्यावा लागतो. आश्रमांच्या परस्परसंबंधाविषयी प्राचीनांची तीन मते त्यांनी नोंदवली आहेत. समुच्चय म्हणजे चारही आश्रम क्रमाने घ्यावेत. विकल्प म्हणजे ब्रह्मचर्यानंतर आवडीचा मार्ग निवडावा. बाध म्हणजे खरा आश्रम गृहस्थाचा एकच, बाकीचे गौण. लोकमानसात पहिले मत रुजले, म्हणून चार आश्रम चार पायऱ्यांसारखे वाटतात. विकल्पपक्ष मात्र जुना आणि मातब्बर आहे. ज्या दिवशी विरक्ती येईल त्याच दिवशी निघावे, मग माणूस घरात असो वा वनात, या अर्थाचे जाबालोपनिषदाचे वचन त्याच्या बाजूचे. म्हणजे संसार न करता आयुष्याची संध्याकाळ गाठणे अशास्त्रीय नव्हे.

इथे उत्साहाला आवर घालावा लागतो. विकल्पपक्षाने जे दार उघडले ते ब्रह्मचाऱ्यासाठी आणि यतीसाठी. सोबत हवी असणाऱ्यासाठी ते नव्हे. समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले ही कथा महाराष्ट्रात आदराने सांगितली जाते, कारण ते निघाले ते रामाकडे. अविवाहित माणसाला मराठी समाज मान देतो, तो त्याने काहीतरी मोठे पत्करले आहे या समजुतीवर. लग्न न करणाऱ्याला दुसऱ्या पुरुषाबरोबर घर करायचे होते, हे कळताच तोच मान क्षणात आटतो. त्यामुळे अनेकांनी विरक्तीचा अंगरखा घातला आणि तो म्हातारपणी अंगाला चिकटून बसला.

त्याग आणि वंचना यांतला फरक इथे कळीचा ठरतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात, कर्म दुःखदायक आहे म्हणून देहाला क्लेश होतील या भीतीने सोडले तर तो त्याग राजस होय आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही, असे सांगितले आहे. तिथला विषय नियत कर्माचा आहे, प्रेमाचा नव्हे. तरी निकष लावून पाहण्यासारखा आहे. पोलीस, बदनामी, नोकरी जाणे यांच्या धास्तीने जे सोडले ते सोडणे नव्हेच. तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनात विषयांचे चिंतन करणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. हा शब्द या पिढीला लावता येईल, पण मग ज्यांनी तसे वागण्यावाचून दुसरा मार्गच ठेवला नाही त्यांना कोणता शब्द लावायचा, हेही ठरवावे लागेल.

अशोक राव कवी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९४७चा जन्म, तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासाच्या वाटेवर. तिथल्या स्वामी हर्षानंदांनी स्वतःच्या प्रकृतीपासून पळण्याऐवजी ती समजून घेण्यास त्यांना सुचवले, असे ते सांगत आले आहेत. ते मठातून बाहेर पडले, १९९०ला ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी समाजाचे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ला त्याच समाजासाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टच्या स्थापनेत पुढाकार घेतला. संन्यास हा लपण्याचा आडोसा होऊ नये, ही सूचना एका संन्याशानेच करावी यात विसंगती नाही. खऱ्या संन्यासाची राखण त्याशिवाय होत नाही.

टिळकांनी मंडालेत लिहिलेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी शेवटपर्यंत कर्म करावे असे प्रतिपादते. टिळकांच्या नावावर वाढलेल्या पार्ल्यात हा विचार सार्वजनिक कामाच्या रूपाने रोज दिसतो, आणि एकट्या ज्येष्ठाला तो मोठा आधार आहे. वाचनालयाच्या समितीवर, रक्तदान शिबिरात, नाट्यसंस्थेच्या तिकीटखिडकीवर त्याची गरज असते. मात्र स्वतःच्या घराची आशा आधीच मोडली गेल्यावर उरलेल्या कामाला निष्काम म्हणणे ही त्या शब्दाची थट्टा आहे. लोकसंग्रहात लोक आले, त्यात तो स्वतः कुठे आहे?

त्याला हवी असते संगत. वारकरी परंपरेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. वारीला निघायला संन्यास लागत नाही आणि संसारही लागत नाही. दिंडीत एकमेकांना माउली म्हणून पाया पडतात, नातवंडांची चौकशी आधी होत नाही. म्हणून अनेक एकट्या ज्येष्ठांना भजनी मंडळ हे कट्ट्यापेक्षा जवळचे वाटते: तिथे टाळ हातात असला की ओळख पुरते. पण तिथेही स्वतःच्या माणसाविषयी बोलता येत नाही. पार्ल्याच्या शेजारी, सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात हमसफरचे केंद्र उभे राहिले तेव्हा औषधोपचार आणि कायदेशीर मदतीबरोबर लोक तिथे येत ते नुसते बसायला. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांसाठी पुढे मुंबईत ‘सीनेजर्स’ हा गट झाला. सहली, वाढदिवस, गाण्यांच्या मैफली, एकत्र जेवण असे त्याचे कार्यक्रम. वरवर पाहता कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघात हेच चालते. फरक एवढाच की मैफलीत जुने प्रेमगीत लागल्यावर ते कोणासाठी आठवले हे इथे सांगता येते.

कथा-नाटकांतून आपले वय दिसणे हीही संगतच, आणि ती या पिढीला फार थोडी लाभली. पार्ल्यात राहणाऱ्या विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणून एका स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम मराठी प्रेक्षकांपुढे ठेवले, तेव्हा ते धाडस होते. पण मित्रा म्हातारी होत नाही. ती त्याआधीच जीव देते. मराठीतल्या वृद्ध समलिंगी माणसाची सर्वांत ठळक गोष्ट नाटकातून नव्हे, वर्तमानपत्रातून आली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे कवी श्रीनिवास रामचंद्र सिरस चौसष्ट वर्षांचे, निवृत्तीला काही महिने उरलेले. फेब्रुवारी २०१०मध्ये त्यांच्या घरात घुसून त्यांच्या खाजगी क्षणांचे चित्रीकरण झाले आणि त्यावरून ते निलंबित झाले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि ७ एप्रिलला ते खोलीत मृतावस्थेत सापडले. ‘अलीगढ’ या २०१६च्या चित्रपटाने त्यांना संध्याकाळी पेला हातात घेऊन लताबाईंची गाणी ऐकताना दाखवले आहे. एकट्या माणसाची फुरसत इतक्या सावकाश पडद्यावर क्वचितच आली असेल.

संसाराशिवाय म्हातारपणाला आधार कशाचा, हा प्रश्न तृतीयपंथी समाजाने वेगळ्या वाटेने सोडवला. घराण्यांमध्ये गुरूच्या म्हातारपणाची जबाबदारी चेल्यांवर असते आणि मागे राहिलेले चेल्यांकडे जाते. या रचनेत जाच आहे, कमाईवरचा हक्क आहे, भांडणे आहेत. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मुलाशिवाय वार्धक्य कसे निभवावे याची घडी तिने बसवली. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या किन्नर आखाड्याने, ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली, उज्जैनच्या सिंहस्थात आणि पुढे प्रयागच्या कुंभात संन्यासावरही हक्क सांगितला.

शेवटचा प्रश्न मरणोत्तराचा, आणि श्रद्धावान ज्येष्ठाला तो रात्री जागवतो: अग्नी कोण देईल, पाणी कोण सोडेल? महालयातल्या श्राद्धाची नामावळी आईबापांपासून सुरू होते, चुलते, मामा, आत्या, सासरे असे करीत गुरू, शिष्य आणि शेवटी आप्त यांपाशी पोहोचते. म्हणजे रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसासाठी पिंड ठेवण्याची सोय त्या विधीतच आहे. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात अंत्यक्रियेच्या अधिकाऱ्यांची जी यादी येते तीत पुत्र, पौत्र, भाऊ, दूरचे नातलग असे सगळे संपल्यावर मृताच्या समूहातले सोबती येतात. त्यांच्यानंतर, बेवारस धनातून, राजा.

आजच्या राज्यसंस्थेनेही जवळपास हाच क्रम धरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, पण दैनंदिन अडचणी पाहण्यासाठी समिती नेमण्याची केंद्राची तयारी नोंदवली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेत संयुक्त खाते उघडून जोडीदाराचे नाव नामनिर्देशित करायला हरकत नाही, असे वित्त मंत्रालयाने स्पष्ट केले, आणि जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात देण्याविषयी आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिले. पुराणात काय आणि पत्रात काय, सोबत्याचा क्रमांक नातलगांनंतरच. स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देता येते, त्यामुळे फ्लॅटपुरता हा क्रम हयातीतच बदलता येतो. ज्यांनी मृत्युपत्र केले नाही त्यांच्या घरी मात्र वर्षानुवर्षे न फिरकलेला पुतण्या दहाव्याला येतो, आणि तीस वर्षे स्वयंपाकघराची किल्ली सांभाळलेला माणूस ती त्याच्या हातात देतो.