रचलेल्या विधीचे प्रामाण्य

विधी कोणी रचलेला नसतो, तो केवळ आचरायचा असतो, ही धारणा पूर्वमीमांसेने जितक्या निष्ठेने सांभाळली तितकी क्वचितच अन्य कोणी सांभाळली असेल. वेदांना कर्ता नाही. म्हणून कर्त्याचे अज्ञान, प्रमाद किंवा लबाडी यांना तेथे वाव नाही. आणि म्हणूनच वेदांतील विधिवाक्ये बंधनकारक आहेत, असा हा युक्तिवाद. विशेष म्हणजे या प्रामाण्याचा भार मीमांसकांनी देवतेच्या अस्तित्वावरही टाकला नाही. देवता हे त्यांच्या लेखी कर्माचे अंग. हविर्द्रव्य जिला उद्देशून द्यायचे तिचे नाव उच्चारले की तिचे काम झाले. मग ज्या विधीचा कर्ता ज्ञात आहे, ज्याचे हस्ताक्षर ओळखता येते, त्याने कोणत्या पुस्तकातून काय उचलले हेही ज्याच्या बाबतीत दाखवता येते, त्या विधीचे काय? मीमांसक म्हणेल, तो विधी नव्हेच. ती फार तर एक साहित्यकृती आहे. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आलेल्या नव-पेगन विधींनी नेमका हा प्रश्न उभा केला आहे, आणि तो धर्माभ्यासकांइतकाच साहित्याच्या अभ्यासकांचाही आहे.

‘पेगन’ या शब्दाला मराठीत ‘मूर्तिपूजक’ असा प्रतिशब्द देण्याची रूढी आहे. ती दिशाभूल करणारी आहे. मूळ लॅटिन शब्द ‘खेडवळ’ या अर्थाचा, आणि ख्रिस्ती लोकांनी इतरांना चिकटवलेला. ख्रिस्तपूर्व युरोपातील कोणीही स्वतःला या अर्थाने पेगन म्हणवून घेतले नव्हते. आज जे तसे म्हणवून घेतात त्यांनी ही शिवी जाणीवपूर्वक स्वीकारलेली आहे. त्यांच्या विधींकडे पाहताना ही जाणीवपूर्वकता विसरून चालत नाही.

असा विधी योजण्याची रीत साधारणपणे ठरलेली आहे. प्रथम हेतू निश्चित करायचा, त्याला अनुरूप तिथी, बहुधा पौर्णिमा किंवा वर्षातील आठ सणांपैकी एक, निवडायची, जागा स्वच्छ करून वर्तुळ आखायचे (जेराल्ड गार्डनरच्या परंपरेत त्याचा व्यास नऊ फूट), मीठ व पाणी शिंपडून ते शुद्ध करायचे, चार दिशांना आणि नंतर देवी व देव यांना पाचारण करायचे, ज्यासाठी जमायचे ते कार्य करायचे, एकत्र खायचे-प्यायचे, आणि ज्यांना बोलावले त्यांना निरोप देऊन वर्तुळ मोडायचे. संकल्प, दिग्बंध, आवाहन, नैवेद्य, विसर्जन हा क्रम ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात परके असे फारसे वाटणार नाही. मात्र हे साम्य वरवरचे आहे. सत्यनारायणाला आलेले गुरुजी यजमानाला ‘या खेपेला काय म्हणायचे?’ असे विचारत नाहीत. नव-पेगन मंडळात पहिला प्रश्न हाच असतो. तेथे संहिता हा वारसा असतो, आणि त्याच वेळी ते काल संध्याकाळी बसून केलेले कामही असते.

प्रारंभी हे काम लपवले गेले. मार्गारेट मरे हिने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला होता की, युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना जाळले वा फाशी दिले गेले ते लोक एका सुसंघटित ख्रिस्तपूर्व धर्माचे अनुयायी होते. इतिहासकारांनी हा सिद्धांत पुढे पूर्णपणे निकालात काढला; पण तोवर त्याने आपले काम केले होते. मलायात जकात अधिकारी म्हणून नोकरी करून १९३६ साली निवृत्त झालेल्या गार्डनरने (१८८४–१९६४) दावा केला की, १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागातील अशाच एका जिवंत राहिलेल्या मंडळाने आपल्याला दीक्षा दिली. चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ साली त्याने आपल्या ‘विच्क्राफ्ट टुडे’ या पुस्तकातून हा धर्म जगापुढे आणला. त्याला प्रस्तावना मरेची होती.

विधींची संहिता ‘बुक ऑफ शॅडोज’ या नावाच्या हस्तलिखितात होती. दीक्षा घेणाऱ्याने ती स्वहस्ते उतरवून घ्यायची. डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–१९९९) हिने १९५३ साली दीक्षा घेतली आणि संहिता वाचताच तिच्या लक्षात आले की, हिच्यातील कितीतरी ओळी आपण इतरत्र वाचलेल्या आहेत. काही अॅलिस्टर क्रोलीच्या होत्या, काही किपलिंगच्या, काही चार्ल्स लीलंडच्या १८९९ मधील ‘अराडिया’ या पुस्तकातल्या. तिने गार्डनरला तसे विचारले. त्याने सांगितले की हाती आलेला मजकूर तुटक होता, त्यातील फटी आपण भरून काढल्या. आणि तुला याहून चांगले जमत असेल तर तू कर. तिने ते केले. क्रोलीची छाप शक्य तेवढी पुसली, लीलंडच्या मजकुरातील काही भाग ठेवला आणि देवीच्या तोंडचे जे भाषण नव्याने सिद्ध केले, ते आज असंख्य मंडळांतून म्हटले जाते. म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते कोणी लिहिले हे माहीत असते. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मूळ कवीचे शब्द परत मिळवण्यासाठी, आणि पुढे त्यांत भर घालू पाहणाऱ्यांना निक्षून अडवले. व्हॅलिएंटेचे पाठसंशोधन उलट्या दिशेचे होते. उसनवारी उघडी पडल्यावर तिने मूळ शोधले नाही. उसनवारीच्या जागी कविता ठेवली.

यात अनैतिक काय होते? उसनवारी हा दोष मानला तर कोणतीही धार्मिक संहिता टिकणार नाही. नवनिर्मिती हा दोष मानला तर मीमांसकांच्या बाजूला जाऊन बसावे लागेल. नैतिक दोष कोठे असतो हे चार वर्षांनी, १९५७ मध्ये, उघड झाले. गार्डनरला प्रसिद्धीचा सोस होता. वृत्तपत्रांपुढे जाऊ नये, असे मंडळाची प्रमुख पुरोहिता या नात्याने व्हॅलिएंटेचे आणि तिच्या सहकाऱ्यांचे मत होते. त्यांनी काही नियम लिहून पाठवले. गार्डनरने उत्तर दिले की नव्या नियमांची गरज नाही, कारण पंथाचे प्राचीन नियम आहेतच. आणि त्याने ते पाठवून दिले. तोपर्यंत या नियमांविषयी कोणी ऐकलेले नव्हते. त्यांची भाषा ओढूनताणून जुनी केलेली होती. त्यांत एक नियम असा होता की, पुरोहितेने वय होऊ लागले की अधिक तरुण स्त्रीसाठी आपली जागा आनंदाने मोकळी करावी. व्हॅलिएंटे त्या वेळी पस्तीस वर्षांची होती, गार्डनर त्र्याहत्तर वर्षांचा. ती आणि तिचे सहकारी मंडळातून बाहेर पडले.

या प्रसंगावर सर्वांत नेमका अभिप्राय शबरस्वामींनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जैमिनिसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात स्मृतींच्या प्रामाण्याची चर्चा आहे. स्मृतीतील एखादा नियम आज उपलब्ध असलेल्या वेदात सापडला नाही, तरी त्यामागे लुप्त झालेले एखादे वेदवाक्य असावे असे अनुमान करून तो प्रमाण मानता येतो. पण त्या नियमाचा दृष्ट हेतू दिसत असेल तर? वैसर्जन होमातील वस्त्र अध्वर्यूने घ्यावे, अशी एक स्मृती आहे. शबर म्हणतो, हा नियम कोणा अध्वर्यूच्या लोभातून निघाला असावा. लोभाने जे उलगडते त्यासाठी लुप्त श्रुतीची कल्पना कशाला करायची? येथे नियमाचे वय विचारलेले नाही. त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो हे विचारले आहे. तरुण पुरोहितेचा नियम आणि अध्वर्यूचे वस्त्र ही एकाच जातीची उदाहरणे होत. जी व्हॅलिएंटे स्वतः देवीचे भाषण रचते, तीच हा नियम बनावट म्हणून फेकून देते, यात विसंगती नाही. देवीच्या भाषणाखाली ते रचणारीलाही उभे राहावे लागत होते. नियमाखाली नियमकर्ता सोडून बाकीचे उभे होते.

रचलेल्या विधीचा कर्ता स्वतः उघडपणे पुढे आला तर ही अडचण बरीच कमी होते. महाराष्ट्रात याचे उदाहरण आहे, जरी त्याचा पेगन म्हणवणाऱ्यांशी काही संबंध नाही. सत्यशोधक समाजाच्या विवाहाचा विधी जोतीराव फुल्यांनी योजला, पहिला विवाह १८७३ च्या डिसेंबरात लागला, आणि १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका निघाली. तिला प्राचीनतेचा आव नव्हता. मंगलाष्टके मराठीत होती आणि वधूवरांनीच ती परस्परांना उद्देशून म्हणायची होती. भटजीची दक्षिणा या विधीतून वजा झाली होती हे शबराच्या कसोटीच्या संदर्भात मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

परंतु लबाडीतून जन्मलेला विधी नेहमी लबाडच राहतो असेही नाही, आणि येथे प्रश्न अवघड होतो. योलो मॉर्गनुग हा वेल्समधील पाथरवट आणि कवी. त्याने जुन्या कवींच्या नावावर स्वतःच्या कविता खपवल्या, आणि ड्रुइडांपासून अखंड चालत आलेली म्हणून कवींच्या सभेचा एक विधी रचला. २१ जून १७९२ रोजी लंडनच्या प्रिमरोज हिलवर दगडांचे वर्तुळ मांडून तो प्रथम झाला; १८१९ मध्ये तो वेल्श साहित्यमहोत्सवाला, आइस्टेदवॉदला, जोडला गेला. आजच्या ड्रुइड-पेगन मंडळांतून म्हटली जाणारी एक प्रार्थनाही योलोचीच आहे. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच वेल्श विद्वानांनी या विधीच्या प्राचीनतेचा दावा खोडून काढला होता. विधी मात्र चालूच राहिला.

१९१७ मध्ये महोत्सव बर्कनहेडला भरला. वृत्तबद्ध दीर्घकाव्याच्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या कवीला आसनावर बसवण्याचा विधी सुरू झाला. स्पर्धक टोपणनावाने लिहितात. म्हणून विजेत्याचे टोपणनाव पुकारायचे आणि श्रोत्यांतून त्याने उठून उभे राहायचे. कर्णे वाजले. नाव पुन्हा पुकारले गेले, तिसऱ्यांदा पुकारले गेले. कोणी उठले नाही. मग सांगण्यात आले की, हेद विन या नावाने लिहिणारा हा धनगर कवी ३१ जुलैला पासचेंडेलच्या लढाईत पडला आहे. रिकामे आसन काळ्या वस्त्राने झाकण्यात आले आणि पुढे ते त्याच्या आईवडिलांच्या शेतघरी पाठवण्यात आले.

त्या सभेत पुकारा, प्रतीक्षा आणि आसन या तीन गोष्टी एका भामट्याने पुरवलेल्या होत्या. शोक त्याने पुरवलेला नव्हता. तो योजण्याची त्याची ऐपतही नव्हती. युद्धाने पोखरलेल्या एका छोट्या भाषिक समाजाला आपले दुःख ठेवण्यासाठी जागा हवी होती आणि ती जागा या रचनेत निघाली. योलोचा खोटेपणा त्यामुळे खरा होत नाही. पण शंभरांहून अधिक वर्षे इतरांच्या हातांतून गेलेला विधी त्याचा उरलेला नव्हता, आणि त्याचा लाभही त्याच्या पदरी पडत नव्हता. नव-पेगन विधींची आखणी शिकवणाऱ्या पुस्तकांत याच्या उलट दोष वारंवार दिसतो. कोणत्या क्षणी काय वाटावे हेही त्यांत आधीच लिहिलेले असते. भावना ठरवून देणारी कविता जशी वाचकाला काही करू देत नाही, तसा हा विधी सहभागी माणसाला रिकामा ठेवतो. पुकारा आधी लिहून ठेवता येतो, उत्तर नाही. चांगल्या योजकाला हे कळते.

व्यक्तिगत विधीत पुकारणारा आणि उत्तर देणारा एकच असतो. व्हॅलिएंटेनेच १९७८ साली ‘विच्क्राफ्ट फॉर टुमॉरो’ या पुस्तकात एकट्याने स्वतःला दीक्षा देण्याचा विधी छापला. हस्तलिखित, मंडळ, पुरोहिता, सारेच त्यातून गळाले. पण स्वतःला दिलेल्या वचनाची जुनी अडचण येथे समोर येते: ज्याने वचन घेतले तोच ते माफ करू शकत असेल तर ते वचन कसले? मंडळात कोणी एक ओळ गाळली तर शेजारच्याच्या लक्षात येते. एकट्याच्या वर्तुळात ती ओळ उद्या गैरसोयीची वाटली म्हणून गाळली आणि परवा शिळी वाटली म्हणून गाळली, तरी विचारणारे कोणी नसते. या विधीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की देवी विचारते. मीमांसक हे उत्तर स्वीकारणार नाही, आणि नव-पेगनांपैकीही पुष्कळ जण देवीला मनाच्या एका शक्तीचे नाव मानतात, त्यांना ते उपलब्ध नाही.

त्यांच्यापाशी उरते ती तिथी. मंडळे सोयीसाठी सण जवळच्या शनिवारी ढकलतात, आणि नोकरी करणारी माणसे दुरून यायची असल्याने त्याला तक्रारीचे कारण नाही. तेथे बंधन एकमेकांचे असते. एकट्या माणसाने मात्र पौर्णिमा शनिवारी नेली तर त्याच्या विधीत त्याच्या इच्छेबाहेरचे काहीच उरत नाही. संहिता त्याची, जागा त्याची, साक्षीदार तोच. संहिता बदलायला हरकत नाही. व्हॅलिएंटेने ती बदललीच. पण बदल विधी आटोपल्यावर, पुढच्या खेपेसाठी, वहीत लिहून करायचा की चालू वर्तुळात थंडी वाजते म्हणून करायचा, हे त्याला ठरवावे लागते. इंग्लंडच्या जानेवारीत चंद्र ढगांआड असण्याचीच शक्यता जास्त. त्या रात्री पंचांगातली वेळ पाहून, काही दिसणार नाही हे ठाऊक असूनही, तो अंगणात जातो की नाही, एवढाच प्रश्न मग शिल्लक राहतो.