न दिसणारे इमान

जे कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही त्याच्या बाबतीत मनुष्याने इमान राखावे काय, हा प्रश्न नीतिशास्त्रात पुष्कळ चर्चिला गेला आहे. परंतु ही चर्चा बहुधा ठेवी, मृत्युपत्रे आणि एकांतात दिलेली वचने यांच्या आधाराने होते. ही उदाहरणे आता इतकी गुळगुळीत झाली आहेत की, उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे प्रश्नाची धारच बोथट होते. म्हणून आम्ही येथे निराळेच उदाहरण घेतो. ते आहे जुन्या मोटारीतील मळसूत्राचे, म्हणजे नित्याच्या भाषेत स्क्रूचे आणि बोल्टाचे. विषय क्षुल्लक वाटेल. वाचकांनी किंचित धीर धरावा, एवढीच विनंती.

एकेकाळी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका ठिकाणचा बोल्ट दुसऱ्या ठिकाणच्या नटात जाईल, अशी अपेक्षाच कोणी करीत नसे. जोसेफ व्हिटवर्थ याने अनेक कारखान्यांतील बोल्ट जमवून त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली आट्यांचा कोन ५५ अंशांचा असावा व अमुक जाडीस इंचामागे अमुक आटे असावेत, अशी योजना मांडली. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने ६० अंशांचा कोन सुचविला. विजेच्या व इतर बारीक यंत्रांसाठी इंग्लंडात आणखी एक मापमालिका आली, १९०८ साली बारीक आट्यांची आणखी एक आली, आणि १९४८ साली इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनी एकत्र बसून एक समान मापमालिका ठरविली. एकी साधण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने मापांत एकेका मापाची भरच पडत गेली, हा भाग मानवी व्यवहाराच्या इतर प्रांतांतही अपरिचित नाही.

परंतु या सर्वांहून चमत्कारिक प्रकार मॉरिस कंपनीच्या इंजिनांत आढळतो. हॉचकिस ही फ्रान्समधील शस्त्रास्त्रे बनविणारी कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने इंग्लंडातील कव्हेन्ट्री येथे कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तेथे मॉरिस गाड्यांची इंजिने होऊ लागली, आणि १९२३ साली तो कारखाना मॉरिसनेच विकत घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरच्या मापाचे पडत. ग्राहकांच्या हाती असलेले पाने मात्र इंग्रजी मापांचे. तेव्हा बोल्टांची डोकी व्हिटवर्थच्या मापाची आणि आटे मिलिमीटरचे, अशी तडजोड झाली. ती पुढे तीन दशके टिकली, एम.जी. कंपनीच्या टी मालिकेतील गाड्यांची इंजिने १९५५ पर्यंत याच पद्धतीने होत होती. हिंदुस्थान मोटर्सची हिंदुस्थान टेन ही गाडीदेखील मॉरिस टेनवरूनच उतरलेली. त्यामुळे आपल्याकडील जुन्या गाड्यांच्या शोकिनांसही हे प्रकरण सर्वस्वी परके नाही.

असा बोल्ट हरवला म्हणजे काय होते ते पाहावे. डोक्यास इंग्रजी पाना बसतो, यावरून दुरुस्ती करणारा बोल्टही इंग्रजीच समजतो. जाडी मोजली तर ती ८ मिलिमीटर भरते. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, तेव्हा तेवढ्यानेही भ्रम फिटत नाही. खरा भेद आट्यांच्या अंतरात असतो. मूळ बोल्टात दोन आट्यांतील अंतर बरोबर १ मिलिमीटर. पाच-सोळांश इंचाच्या १९४८ नंतरच्या बारीक आट्यांच्या बोल्टात इंचामागे २४ आटे, म्हणजे अंतर सुमारे १.०६ मिलिमीटर. आट्यांच्या गेजाची पाती लावून, ती उजेडाकडे धरून पाहिल्यावाचून हे कळावयाचे नाही. आणि गाडीचे माप मिलिमीटरचे आहे एवढे कळूनही निभाव लागत नाही, कारण दुकानात साधारणपणे मिळणाऱ्या ८ मिलिमीटरच्या बोल्टाच्या आट्यांत अंतर असते १.२५ मिलिमीटरचे.

हा १.०६ चा बोल्ट त्या छिद्रात सुरुवातीचे काही फेरे बोटांनीच जातो, आणि नेमका येथेच मोह उभा राहतो. प्रत्येक फेऱ्यागणिक चूक थोडी थोडी साठत जाते आणि बोल्ट अडू लागतो. मुळीच न बसणारी वस्तू मनुष्य निमूटपणे बाजूस ठेवतो. जवळजवळ बसणारी वस्तू मात्र त्यास जोर लावण्याची बुद्धी देते. (ज्यांनी मुलामुलींची लग्ने जमविली आहेत त्यांस अधिक सांगणे न लगे.) पाना दाबला, बिडाचे आटे चिरडले गेले, बोल्ट घट्ट बसला. दुसरा थोडा अधिक सभ्य उपाय म्हणजे टॅप घालून छिद्रात बाजारी मापाचे नवे आटे पाडणे. दोन्ही प्रकारी गाडी चालते, मालक संतुष्ट होतो, आणि इंजिनाच्या पोटातील ती जागा कोणास दिसत नाही. मग अपराध कोणाचा झाला?

कोणी म्हणेल, वस्तू ती वस्तू; तिच्याशी कसले इमान? या पक्षाच्या मदतीस प्राचीन दाखलेही आहेत. थीसियसच्या नौकेच्या फळ्या एकेक करून अथेन्सच्या लोकांनी बदलल्या, तेव्हा ती तीच नौका राहिली काय, हा वाद प्लुटार्कने नोंदवून ठेवला आहे. मिलिंद राजास नागसेनाने विचारले की, रथ म्हणजे चाक, आस की जू? यांपैकी एकही रथ नव्हे. रथ हे केवळ व्यवहारातील नाव, एक संकेत. मग एका आट्याने काय बिघडते?

आमच्या मते नागसेनाचाच दाखला या पक्षावर उलटतो. बोल्ट बदलल्याने काहीच बिघडत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तो झिजावयाचा आणि बदलावयाचाच आहे. परंतु आट्याचे माप ही वस्तू नव्हे. तो करणाऱ्याने उघडणाऱ्याशी केलेला संकेत आहे. आज ज्याने छिद्र बिघडविले त्याने मालकास फसविले असेल वा नसेल, मालक कदाचित संमतही असेल. पण वीस वर्षांनी जो कोणी मिस्त्री तेथे योग्य मापाचा बोल्ट घेऊन येईल, त्याची संमती कोणी घेतली होती? तो शेजारची नऊ छिद्रे पाहून दहाव्यावर विश्वास ठेवील आणि त्याच्याच हातून आटे जातील. दोष त्याच्या माथी बसेल. अनोळखी माणसाच्या विश्वासाचा असा घात करणे हे आम्ही खोटे बोलण्याच्याच वर्गात घालतो.

येथे कव्हेन्ट्रीच्या कारागिरांवरही आक्षेप येईल: त्यांनी डोके एक आणि अंग दुसरे, असाच बोल्ट केला की नाही? केला खरा, पण तो एका इंजिनात एक आणि दुसऱ्यात दुसरा असा केला नाही. तीस वर्षे एकच रीत पाळली, ती ज्याने एकदा जाणली त्यास ती पुन्हा दगा देत नसे. विचित्र असणे निराळे आणि अविश्वसनीय असणे निराळे.

जुन्याच्या भक्तीस आम्ही मर्यादाही घालतो. ब्रेक अथवा सुकाणू यांच्या ठिकाणी जुना बोल्ट थकला असेल, तर केवळ मूळचा म्हणून तो ठेवणे हे परक्याच्या जिवाशी खेळणे होय. तेथे त्याच मापाचा, अधिक बळकट पोलादाचा बोल्ट घालणे हेच कर्तव्य. छिद्र मुळातच बिघडले असेल, तर ते मोठे करून तारेचे वेटोळे बसवावे आणि मूळ मापाचे आटे परत मिळवावेत. जुन्या इमारतींविषयी १९६४ साली व्हेनिस येथे ठरलेल्या सनदेत, नवा घातलेला भाग एकंदरीत शोभावा पण मुळातल्यापासून ओळखूही यावा, असे तत्त्व आहे. जुन्या मोटारींविषयीच्या ट्यूरिन सनदेतही, जी २०१२ साली संमत झाली, बदललेले भाग ओळखता यावेत आणि कामाची नोंद राहावी असा आग्रह आहे. प्रदर्शनापूर्वी बाहेरचे नट आरशासारखे घासून आतले आटे चिरडलेले ठेवणाऱ्या हौशी मालकांनी या सनदा वाचलेल्या दिसत नाहीत.

राहिला प्रश्न मजुरीचा. या मापाचे बोल्ट इंग्लंडातील जुन्या एम.जी.चे सुटे भाग विकणाऱ्यांकडे आजही मिळतात. ते येईपर्यंत थांबावयाचे नसेल तर लेथवर कापून घ्यावे लागतात, आणि लेथ इंचाच्या मापाचा असला तर अचूक मिलिमीटरसाठी १२७ दातांचे चक्र चढवावे लागते, कारण ५ इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. जो बोल्ट मालकास कधीही दिसणार नाही त्यासाठी कारागिराचे दोन तास गेले, तर मालकाने ते भरून द्यावेत काय? आमच्या मते द्यावेत. मात्र दोन तास लागतील हे कारागिराने चक्र चढविण्यापूर्वी सांगावे, आणि काम झाल्यावर कोणत्या छिद्रात काय घातले ते गाडीच्या कागदांत लिहून ठेवावे.